वेगाच्या देवाला अर्पण : बर्ट मन्रो, १९२० ची स्काउट आणि व्हॉल्व्हमधली कागदाएवढी फट

तुमच्या फोनला अपडेट किती वर्षं येतात? चार? पाच? फारच नशीब असेल तर सात. त्यानंतर बॅटरी बसते, ॲप अडकायला लागतात आणि आपण नवीन मॉडेल शोधायला लागतो. आता अशा एका माणसाची कल्पना करा, ज्याने १९२० साली एक मशीन विकत घेतलं आणि पुढची पन्नासेक वर्षं त्याला स्वतःच अपडेट देत राहिला. कंपनीने ज्या मशीनला ताशी ९० किमीच्या आसपास वेग दिला होता, ते त्याने ताशी ३०० किमीच्या पलीकडे नेलं. मशीन तेच आणि मालकही तोच.

या माणसाचं नाव बर्ट मन्रो. २००५ मध्ये आलेल्या 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' या सिनेमामुळे बऱ्याच जणांना ते माहीत आहे. सिनेमा छानच आहे, पण त्यात अनेक वर्षांच्या घटना एकाच प्रवासात कोंबल्या आहेत. शिवाय इंजिनाच्या आत काय घडलं, हे दोन तासांत दाखवणं शक्यही नव्हतं. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड न मोडता वेगवान करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मन्रोंच्या गोष्टीत मला रेकॉर्डपेक्षा त्या इंजिनाच्या डोक्यात झालेले बदल जास्त महत्त्वाचे वाटतात. चला, तिथूनच बघू.

शेतातला मुलगा आणि अमेरिकेची 'इंडियन'

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाचा. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. बालपण इन्व्हरकार्गिल शहराजवळच्या एडनडेल इथे, वडिलांच्या शेतावर गेलं. वेगाचं वेड तेव्हापासूनच. शेतावरचा सगळ्यात वेगवान घोडा काढून पळवायचा आणि वडिलांची बोलणी खायची, असा प्रकार. पहिलं महायुद्ध संपल्यावर काही काळ त्यांनी ओटिरा बोगद्याच्या बांधकामावर काम केलं आणि मग परत शेती.

१९२० मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी नवी कोरी इंडियन स्काउट घेतली. नावात 'इंडियन' असलं तरी आपल्या देशाशी या गाडीचा काही संबंध नाही बरं का. ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. सुमारे ६०० सीसीचं, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन, हवेवर थंड होणारं, तीन गिअर, आणि गिअर बदलायचा हाताने. त्या काळी ही एक दणकट, समजूतदार गाडी होती. रेसिंगची मात्र नव्हती.

मन्रोंनी १९२६ च्या सुमारास तिच्यात पहिले बदल सुरू केले. दिवसा मोटारसायकल विकायच्या आणि दुरुस्त करायच्या, रात्री स्वतःचं इंजिन उघडायचं. पैसा बेताचाच. त्यामुळे बाजारातून आणता येत नाही ते घरी बनवायचं, हा नियमच झाला. पिस्टन ओतण्यासाठी साचे म्हणून जुने डबे वापरले. सिलिंडरचे बॅरल आणि फ्लायव्हील स्वतः तयार केले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून हाताने कोरून काढले. सतरा प्लेटांचा क्लच बनवला. आणि मोजमापासाठी मायक्रोमीटर? एक जुनी स्पोक!

साइड व्हॉल्व्ह : इंजिनाचा अरुंद बोळ

आता थोडं इंजिनात शिरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह म्हणजे दार. इनटेकच्या दारातून हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत येतं, एक्झॉस्टच्या दारातून जळालेला धूर बाहेर जातो. इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक दार मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडतं आणि बंद होतं.

मूळ स्काउटमध्ये ही दारं सिलिंडरच्या शेजारी, खालच्या अंगाला होती. याला साइड व्हॉल्व्ह म्हणतात. यात कॅम फिरतो, तो व्हॉल्व्हला खालून ढकलतो, दार उघडतं. भाग कमी, बिघाड कमी. पण मिश्रणाला आत यायचं तर बोळातून वळण घेत यावं लागतं. वरची जळण्याची जागाही पसरट होते, त्यामुळे कॉम्प्रेशन फार वाढवता येत नाही. इंजिनाला जास्त ताकद हवी असेल तर त्याने जास्त श्वास घ्यायला हवा, आणि नाकच चोंदलेलं असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

मन्रोंनी हे ओळखलं आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा 'अपग्रेड' केला. त्यांनी साइड व्हॉल्व्हचं इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं केलं. दारं शेजारून उचलून थेट सिलिंडरच्या डोक्यावर बसवली. शिवाय मूळ दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना केली, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला आपापला कॅम मिळाला आणि कोणतं दार कधी व किती वेळ उघडायचं हे वेगवेगळं ठरवता येऊ लागलं.

रॉकर आर्म : इंजिनातला सी-सॉ

इथे एक अडचण येते. कॅम खाली आहे आणि व्हॉल्व्ह वर गेला. शिवाय वरचा व्हॉल्व्ह उघडायला त्याला खाली दाबावं लागतं, आणि कॅम तर वर ढकलतो. मग दोन नवे भाग लागतात. पहिला पुशरॉड, म्हणजे खालून वर जाणारी काठी. दुसरा रॉकर आर्म, म्हणजे बागेतल्या सी-सॉसारखा छोटा तराफ. पुशरॉड त्याचं एक टोक वर ढकलतो, दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्ह दाबतं.

सी-सॉची दोन्ही टोकं मधल्या खिळ्यापासून सारख्या अंतरावर असलीच पाहिजेत असं नाही. व्हॉल्व्हकडचं टोक लांब ठेवलं तर व्हॉल्व्ह जास्त उघडतो. या प्रमाणाला रॉकर रेशो म्हणतात. समजा कॅम पुशरॉडला ७ मिमी उचलतो. रेशो १ असेल तर व्हॉल्व्ह ७ मिमी उघडेल. रेशो १.३ असेल तर ९.१ मिमी. कॅम न बदलता दार जास्त उघडलं!

फुकटात फायदा वाटतो ना? पण तरफेचा हिशेब शाळेतलाच आहे. व्हॉल्व्हची स्प्रिंग जेवढ्या जोराने दाबते, त्याच्या १.३ पट जोर आता पुशरॉड, टॅपेट आणि कॅमवर येतो. काठी वाकू शकते, कॅम लवकर घासतो. वेग वाढला की स्प्रिंगला दार वेळेत बंद करणं जमत नाही, व्हॉल्व्ह हवेतच तरंगतो आणि खालून येणारा पिस्टन त्याला धडकतो. एक भाग मजबूत केला की भार पुढच्या भागावर जातो. सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. डेटाबेस वेगवान केला की कळतं, खरी कोंडी आता नेटवर्कवर आहे.

मन्रोंच्या इंजिनाचा इतिहास असाच आहे. इंजिन ६०० सीसीवरून टप्प्याटप्प्याने ८५०, ९२० आणि शेवटी ९५० सीसीपर्यंत वाढलं. या वाटेत असंख्य भाग फुटले. फुटलेले पिस्टन, रॉड त्यांनी टाकून दिले नाहीत. गॅरेजमधल्या एका फळीवर ते मांडून ठेवले आणि फळीवर लिहिलं की हे वेगाच्या देवाला केलेलं अर्पण आहे. मला ती फळी म्हणजे जगातला सगळ्यात प्रामाणिक एरर लॉग वाटतो. कुठे तुटलं, कसं तुटलं, सगळं डोळ्यांसमोर.

ॲडजस्टर : कागदाएवढ्या फटीचं राजकारण

रॉकरच्या टोकाला किंवा पुशरॉडच्या बुडाशी एक छोटा स्क्रू आणि त्याला घट्ट धरणारा लॉकनट असतो. हा ॲडजस्टर. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'टॅपेट सेट करणं' म्हणतात ते हेच. याचं काम एकच, व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये ठरावीक फट ठेवणं.

फट का लागते? कारण धातू तापला की वाढतो. फट अजिबात नसेल आणि व्हॉल्व्ह तापून लांब झाला, तर तो पूर्ण बंदच होणार नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बरीचशी बंद असताना, आपल्या बैठकीला टेकून बाहेर देतो. टेकलाच नाही तर तो जळतो. उलट फट जास्त असेल तर टकटक आवाज येतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि प्रत्येक वेळी हातोडी बसल्यासारखा मार पडतो.

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान बऱ्यापैकी स्थिर राहतं. हवेवरच्या इंजिनाचं तसं नाही. ट्रॅफिकमध्ये वेगळं, घाटात वेगळं, रेसमध्ये अजून वेगळं. एक साधा हिशेब करू. २०० मिमी उंचीचा ॲल्युमिनियमचा भाग १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.४६ मिमी वाढतो. तेवढ्याच लांबीचा पोलादी पुशरॉड ६० अंशांनी तापला तर वाढतो सुमारे ०.१४ मिमी. म्हणजे इंजिन उंच झालं, काठी मागे राहिली आणि फट ०.३ मिमीने वाढली. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिमी जाड असतो. तीन कागद! पुशरॉडही ॲल्युमिनियमचा केला तर तो इंजिनाबरोबरच वाढतो आणि ही तफावत कमी होते. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये आणि आपल्या जुन्या बुलेटमध्ये ॲल्युमिनियमचेच पुशरॉड असायचे, ते यासाठी.

जुन्या इंजिनासाठी रॉकर आणि ॲडजस्टर निवडताना

तुमच्या घरी आजोबांची जुनी गाडी असेल, किंवा पुढे कधी घ्यायची इच्छा असेल, तर हे मुद्दे लक्षात ठेवा.

१. रेशो आधी नाही, गरज आधी. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ रेशोच बरा. १६०० सीसीच्या बीटलमध्ये तो १.१ होता. रेशो वाढवायचाच असेल तर स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन जाम होत नाही ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे तपासावं लागतं. त्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळायची क्ले लावतात, इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि क्ले किती दबली ते मोजतात. साधी युक्ती, पण इंजिन वाचवते.

२. टोक कुठे टेकतं ते बघा. रॉकर गोलाकार फिरतो, व्हॉल्व्ह सरळ जातो. त्यामुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर थोडं घसरतंच. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकर व्हॉल्व्हशी काटकोनात असेल, तर हे घसरणं कमीत कमी होतं. नाही तर व्हॉल्व्ह एका बाजूला ढकलला जातो आणि त्याची गाइड झिजते.

३. ॲडजस्टरचा पाय कसा आहे? साधा गोल टोकाचा स्क्रू हलका असतो, पण सगळा दाब एका बिंदूवर देतो. टोकाला फिरती गोळी आणि सपाट पाय असलेला ॲडजस्टर दाब पसरवतो, झीज कमी करतो, मात्र थोडा जड असतो.

४. वजन कुठे आहे? रेशो १ पेक्षा जास्त असेल तर व्हॉल्व्हकडचं टोक जास्त वेगाने हलतं. तिथे ॲडजस्टरचं वजन ठेवलं की स्प्रिंगचं काम वाढतं. म्हणून काही रचनांमध्ये ॲडजस्टर पुशरॉडच्या बाजूला नेतात.

५. स्क्रूच्या आट्यांचं अंतर माहीत करून घ्या. अंतर १ मिमी असेल तर पाव फेरा म्हणजे ०.२५ मिमी. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा जरी फिरला तरी सेटिंग गेलं. म्हणून आवळल्यावर फिलर गेज घालून परत एकदा तपासायचंच.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ॲडजस्टर पुशरॉडच्या बुडाशी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. तिथे गेजपेक्षा बोटांवर जास्त विश्वास. नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले. ते ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढतात, त्यामुळे हे काम संपलं. मन्रोंच्या गाडीत ही सोय नव्हती. प्रत्येक धावेआधी पाना त्यांच्याच हातात.

किंमत

ही गोष्ट इथपर्यंत प्रेरणादायी वाटते. पण पुढचा भागही सांगायला हवा. मन्रोंचं लग्न झालं होतं, चार मुलं होती. १९४० च्या दशकाच्या शेवटी संसार तुटला. त्यांनी नोकरी सोडली आणि गॅरेजमध्येच राहून पूर्ण वेळ मशीनवर काम करू लागले. आपण अशा कथांना 'पॅशन' म्हणून पोस्टर बनवतो. त्या पोस्टरवर घरातली बाकीची माणसं दिसत नाहीत. वेगाच्या देवाला फक्त पिस्टनच अर्पण झाले असं नाही, हे मला त्यांची माहिती वाचताना सतत जाणवत राहिलं.

काम मात्र थांबलं नाही. इन्व्हरकार्गिलजवळच्या ओरेटी बीचच्या ओल्या, कडक वाळूवर ते चाचण्या घ्यायचे. १९५७ मध्ये तिथेच त्यांनी ताशी १३१.३८ मैल, म्हणजे सुमारे २११ किमी वेग गाठला. त्याच सुमारास हृदयाचा त्रास सुरू झाला.

मिठाचं वाळवंट

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं पठार आहे. मैलोन्‌मैल सपाट, पांढरं. वेगाचे रेकॉर्ड करायला जगभरातून लोक तिथे येतात. मन्रो पहिल्यांदा गेले ते फक्त बघायला. नंतर नऊ वेळा शर्यतीसाठी गेले.

इथे पुन्हा इंजिनाचा प्रश्न. ओरेटी बीच समुद्रसपाटीला. बॉनव्हिल सुमारे १,२८० मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरएवढं. तिथली हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ. घरी जमवलेलं कार्ब्युरेटरचं गणित तिथे चालत नाही, ते नव्याने जमवावं लागतं.

१९६२ मध्ये, ६३ व्या वर्षी, ८५० सीसीच्या इंजिनावर त्यांनी आपल्या वर्गात ताशी सुमारे २८८ किमीचा रेकॉर्ड केला. १९६६ मध्ये वरच्या, १,००० सीसीच्या वर्गात ताशी २७० किमीचा. आणि १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, त्याच वर्गात आधीच्या सगळ्याला मागे टाकणारा. त्या वर्षीच्या पात्रता फेरीत एका दिशेने त्यांनी १९०.०७ मैल, म्हणजे जवळपास ३०६ किमी वेग गाठला होता.

त्याच वर्षीच्या एका धावेबद्दल त्यांनी नंतर सांगितलं होतं. अर्ध्याहून थोडं पुढे गेल्यावर गाडी डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून ते कवचातून वर उठून बसले, तर वाऱ्याने गॉगलच उडवून नेला. डोळ्यांना काही दिसेना. मार्गावरचा लोखंडी खुंट इंचा-इंचाने चुकला. शेवटी त्यांनी गाडी मुद्दाम आडवी पाडली आणि खरचटण्यावर निभावलं. एवढा वेग, म्हातारं शरीर आणि घरी बनवलेलं इंजिन. सिनेमात हे रोमांचक दिसतं. खरं तर तो मृत्यू काही इंचांनी हुकला होता.

शेवटचा बग

१९७७ मध्ये मन्रोंना पक्षाघाताचा झटका आला. आपल्या गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधल्या हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानाला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी हृदय बंद पडून ते गेले. वय ७८. स्काउट आजही त्या दुकानात, स्क्रू-पान्यांच्या शेल्फांच्या सोबतीला उभी आहे. तिला याहून योग्य जागा कुठली असणार?

पण एक हिशेब बाकी होता. रेकॉर्डसाठी गाडी दोन्ही दिशांनी पळवतात आणि सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा मिळत नाही. १९६७ च्या दोन धावांचे आकडे होते ताशी १८४.७१० आणि १८३.४६३ मैल. अधिकृत नोंद होती १८३.५८६. आता फोनचा कॅल्क्युलेटर काढा. दोन्ही आकड्यांची बेरीज करून दोनने भागा. उत्तर येतं जवळपास १८४.०८७, म्हणजे ताशी सुमारे २९६ किमी! चूक मन्रोंच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, ते गेल्यानंतर ३६ वर्षांनी, अमेरिकन मोटारसायकल संघटनेने रेकॉर्ड दुरुस्त केला.

फरक अर्ध्या मैलाचा. पण तेवढाच अर्धा मैल मिळवण्यासाठी या माणसाने किती रात्री टॅपेट सेट केले असतील, किती रॉड कोरले असतील! सत्तेचाळीस वर्षं जगातली सगळी पुस्तकं तो चुकीचा आकडा छापत राहिली, आणि तपासायला लागणारं गणित होतं चौथीतलं.

तेव्हा तुमच्या घरी जुनी बुलेट असेल आणि वरून टकटक येत असेल, तर आवाज म्हणून सोडून देऊ नका. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, कव्हर उघडा, पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. आणि लॉकनट आवळल्यावर परत एकदा तपासा.